‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला’

(एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्रलेखिकेचा धाकटा भाऊ आठ महिन्यांच्या आजारपणानंतर रक्ताच्या कर्करोगानं वारला. या काळात घरात रोज प्रार्थना होत होती, उपास होत होते, मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांनी रात्र रात्र साखळी प्रार्थना केली. प्रार्थना गटाच्या प्रमुखांची शिकवण अशी होती, की आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, ‘तो बरा झालाच आहे’ असं रोज मोठ्यानं जाहीर करायचं आणि मनात शंका येऊ द्यायची नाही. शंकेनं आशीर्वाद अडतो. वेदना आटोक्यात ठेवण्याच्या उपचारांबद्दल बोलायला डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा या ताई गेल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत भाऊ काही सांगू पाहत होता, त्यालाही त्यांनी थांबवलं. दफनविधीनंतर मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला.” आईनं ते वाक्य मनाला लावून घेतलं आहे. नवरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, यावर संशोधनही झालंय. दहा वर्षांची मुलगी विचारते, “आपण एवढं मागितलं, मग मामा बरा का नाही झाला?” आणि आता स्मरण-उपासनेत ताईंनी साक्ष द्यावी, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं, असा गटाचा आग्रह आहे. त्या लिहितात, “येशूची अभिवचनं खोटी आहेत, की माझा विश्वास खोटा होता? दोन्हींपैकी एक तर खरं असणारच ना?”

ताई,

तुमचा भाऊ रक्ताच्या कर्करोगानं गेला. तुमच्या मनात येऊन गेलेल्या शंकेनं गेला नाही, तुमच्या आईच्या रडण्यानं गेला नाही. बाकीचं लिहिण्याआधी हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचताना तुमचं मन पुन्हा पुन्हा तिकडेच धावणार आहे.

अभिवचनं खोटी किंवा माझा विश्वास खोटा, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवले आहेत. ते तुम्ही स्वतः शोधलेले नाहीत, ते तुम्हाला आखून दिले गेले. गटात शिकवलेला हिशेब असा आहे: वचन पक्कं आहे, शंका नसेल तर फळ मिळणारच, फळ मिळालं नाही, म्हणजे शंका होती. या हिशेबात शिकवणाऱ्याला कधीच कशाचंही उत्तर द्यावं लागत नाही. माणूस बरा झाला तर शिकवण खरी ठरते आणि गेला तर दोष घरच्यांच्या पदरात पडतो. ज्यांच्या घरातून नुकतीच शवपेटी उठली आहे, त्यांच्याच खांद्यावर हे ओझं ठेवणं मला क्रूर वाटतं.

पण म्हणून मी वचनं पातळ करून दाखवणार नाही. ती शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहेत आणि साध्या, ठाम भाषेत आहेत. “मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल,” असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते मिळेल, असं मार्काच्या अकराव्या अध्यायात येशू सांगतो. याकोबाच्या पत्रात विश्वासाची प्रार्थना दुखणेकऱ्याला वाचवील असं लिहिलं आहे. ज्यांनी ही वचनं अक्षरशः घेतली, त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. जे लिहिलंय तेच त्यांनी वाचलं.

देव प्रत्येक प्रार्थनेला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘थांब’ असं उत्तर देतो, हे समजुतीचं बोलणं तुम्ही ऐकलं असणार. काहींना त्यातून खरोखर धीर मिळतो, त्यांच्याकडून मी तो काढून घेणार नाही. तुमच्या प्रश्नाला मात्र ते उत्तर पुरत नाही. काहीही घडलं तरी त्याला उत्तरच म्हणायचं असेल, तर ‘दिले जाईल’ या शब्दांना अर्थ काय उरला? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो अविश्वास नव्हे. तो नीट वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे.

तर सरळ उत्तर देते. विश्वासणाऱ्यानं शंका न धरता मागितलं की आजार जातोच, अशी हमी म्हणून ही वचनं घेतली तर ती खरी ठरत नाहीत. हे मी विश्वासाच्या आत राहून, रोज प्रार्थना करणारी बाई म्हणून लिहिते आहे. आणि हे सांगायला मला शास्त्राबाहेर जावं लागत नाही.

येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौल या प्रेषिताचंच बघा. इफिसात त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर घातले की ते बरे होत, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलं आहे. त्याच पौलानं स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे कुठलासा सततचा त्रास, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं आणि काटा निघाला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे,” एवढं त्याला मिळालं. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला; दुसरा सहकारी त्रफिम मिलेतात आजारी राहिला आणि पौलाला त्याला तिथेच सोडून पुढे जावं लागलं. तीमथ्याच्या पोटाच्या वारंवारच्या दुखण्यावर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. या पत्रांमध्ये कुठेही पौल शोध घेत बसत नाही, की त्रफिमाचा विश्वास कमी पडला, की तीमथ्याच्या आजीचा. आणि या सगळ्यांच्या आधी गेथशेमाने आहे, वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूनं जिथे प्रार्थना केली ती जागा. “हा प्याला माझ्यापासून दूर कर,” असं खुद्द पुत्रानं मागितलं. प्याला दूर झाला नाही.

तुमचे गटप्रमुख यावर काय म्हणतील याची मला कल्पना आहे. ते मत्तयाचा सतरावा अध्याय उघडतील: तुमच्या अल्पविश्वासामुळे; मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असता तर डोंगर हलला असता. तो प्रसंग त्यांच्यासोबत बसून वाचा. आजारी मुलाला घेऊन त्याचा बाप आला होता आणि शिष्यांना त्याला बरं करता आलं नव्हतं. अल्पविश्वासाचा ठपका येशू कुणावर ठेवतो? बरं करायला निघालेल्या शिष्यांवर. मार्क हाच प्रसंग सांगतो तेव्हा तो बाप उघडच म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,” आणि त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा होतो. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले’ असं येशू अनेकांना म्हणाला आहे. पण आपल्याकडे आलेल्या एखाद्या आजाऱ्याला किंवा कुणाला पुरून आलेल्या घराला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं म्हणून त्यानं परत पाठवलेलं एकही ठिकाण चारही शुभवर्तमानांत नाही. नासरेथात, त्याच्या स्वतःच्या गावात, लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारशी महत्कृत्यं करता आली नाहीत हे खरं, पण ते लोक त्याला नाकारत होते, त्याच्या दाराशी आठ महिने विनवण्या करत नव्हते. तिथेसुद्धा त्यानं थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलंच.

बायबलमधला ईयोब निर्दोष असूनही सगळं गमावून बसला होता; त्याच्या मित्रांनी नेमकं तेच केलं, जे त्या गृहस्थांनी दफनविधीनंतर केलं. एवढं सोसतो आहेस म्हणजे तुझंच काही चुकलं असणार, असं ते त्याला वेगवेगळ्या शब्दांत ऐकवत राहिले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकतो तो या मित्रांवर. तुमच्या आईला तो शेवटचा, बेचाळिसावा अध्याय वाचून दाखवा. तिला वचनाचं उत्तर वचनानंच पटेल, माझ्या किंवा तुमच्या युक्तिवादानं नाही.

इतिहासातलं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १५४० मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा जवळचा सहकारी फिलिप मेलांक्थॉन वायमारमध्ये मरणासन्न पडला होता. ल्यूथर धावत गेला, देवाला त्याच्या एकेका अभिवचनाची आठवण करून देत हट्टानं प्रार्थना केली आणि मेलांक्थॉन उठून बसला. ल्यूथर याला प्रार्थनेचं उत्तर मानत असे. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १५४२ मध्ये, त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना त्याच्या मिठीत गेली. तिच्यासाठीही त्यानं प्रार्थना केली होती. माणूस तोच आणि वचनंही तीच. दोन वर्षांत त्याचा विश्वास आटला असं त्याचा कट्टर विरोधकही म्हणणार नाही. मुलगी देवाकडे गेली म्हणून आम्ही आभार मानायला हवेत, पण रडल्यावाचून ते जमत नाही, असं त्यानं तेव्हा मित्राला कळवलं.

‘बरा झालाच आहे असं जाहीर करा, लक्षणांकडे पाहू नका’ ही शिकवण शास्त्राइतकी जुनी आहे असं तुम्हाला भासवलं गेलं असेल. या घट्ट, सूत्रबद्ध रूपात ती विसाव्या शतकातल्या अमेरिकेत वाढली, केनेथ हेगिन यांच्यासारख्या प्रचारकांनी ती पसरवली आणि तिथून ती जगभर गेली. तिच्यात न बसणारी कितीतरी मंडळी याच येशूवर विश्वास ठेवून शतकानुशतकं प्रार्थना करत आली आहेत. तुम्ही ही शिकवण सोडलीत म्हणजे विश्वास सोडलात असं होत नाही.

आता तुमच्या यजमानांचं संशोधन. ते बहुधा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल बोलत असावेत. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवर तो केला होता. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे या दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के, म्हणजे फरक काहीच नाही. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं सांगितलं होतं. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. तो योगायोग असू शकतो, किंवा ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली म्हणजे माझं काही खरं नाही’ या धास्तीचा परिणामही असू शकतो.

यातून इतकं नक्की कळतं, की प्रार्थना औषधाच्या डोसासारखी मोजून दिली आणि परिणाम आला, असं होत नाही. गटप्रमुखांच्या हमीला हा आकडा धक्का देतो. पण सगळंच थोतांड, हे तुमच्या यजमानांचं वाक्य त्या अभ्यासाच्या बरंच पुढे जातं. देव आहे की नाही, किंवा प्रार्थना करणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळतं, हे त्या अभ्यासानं मोजलंच नव्हतं. शिवाय तिन्ही गटांतल्या रुग्णांसाठी त्यांच्या घरचे आपापली प्रार्थना करत असणारच, ती कुणी थांबवू शकलं नाही. यजमानांशी आत्ता यावर वाद घालू नका. मेव्हणा गमावलेला तो माणूसही कुणावर तरी रागावायला जागा शोधतो आहे.

मग वचनात उरलं काय, असं तुम्ही विचाराल. मला जे उरलेलं दिसतं ते सांगते, पटलं तरच घ्या. ‘मागा, शोधा, ठोका’ हेच वचन लूकाच्या अकराव्या अध्यायातही आहे. प्रभूची प्रार्थना शिकवून झाल्यावर ते येतं आणि त्याचा शेवट असा आहे, की स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा किती विशेषेकरून देईल. म्हणजे तिथे पिता मागणाऱ्याला स्वतःची सोबत देऊ करतो आहे. पौलाला काट्यासकट जे मिळालं ते हेच. ही सोबत मिळते, असा माझा विश्वास आहे. पण हे दिसतं तितकं सोपं नाही, हेही मला मान्य आहे. कारण अशा वाचनात एखाद्या आईला ‘तुमचा मुलगा वाचेल’ असं सांगता येत नाही. आणि ज्याला भाऊ हवा होता, त्याला सोबत मिळाली तर ते पुरेसं होईलच असंही नाही. महिनोन्महिने विचार करून तुम्ही अखेर म्हणालात की मला हे पटत नाही, तरी मी तुम्हाला विश्वासघातकी म्हणणार नाही. फक्त तो निर्णय या वर्षी, या दुःखात करू नका. आत्ता प्रार्थना होत नसेल तर करू नका. अगदीच काही वाचावंसं वाटलं तर ८८वं स्तोत्र वाचा. त्यात आभार नाहीत, शेवटी उजेडही येत नाही, काळोखावरच ते संपतं. तरीही स्तोत्रसंहितेनं ते आपल्या प्रार्थनांमध्ये ठेवून घेतलं आहे.

आता ती गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी घाईघाईनं लिहिलीत. शेवटच्या आठवड्यात भाऊ म्हणाला, “ताई, माझ्या फोनचा पासवर्ड लिहून घे,” आणि तुम्ही त्याचा हात दाबून म्हणालात, “असं बोलू नकोस, तू बरा झालायस.” मग तो भिंतीकडे वळला. मला वाटतं, अभिवचनांच्या प्रश्नाखाली तुमचा खरा सल हा आहे.

त्याला कळलं होतं, ताई. पासवर्ड लिहून घे म्हणणारा माणूस घाबरून बोलत नसतो, तो आवराआवर करत असतो. आणि त्या आवराआवरीसाठी त्यानं तुम्हाला निवडलं होतं. तुम्ही त्याला थांबवलंत ते प्रेमापोटी, आणि तसं वागणं म्हणजेच विश्वास असं तुम्हाला शिकवलं गेलं होतं म्हणून. त्यामुळे तुमचं काहीच गेलं नाही असं मी म्हणणार नाही. एक बोलणं राहून गेलं आणि ते आता होणार नाही. पण ते बोलणं म्हणजे अविश्वास होता, हे साफ चूक आहे. जुन्या करारातला याकोब मरताना मुलांना जवळ बोलावून एकेकाशी बोलला. वधस्तंभावर असताना येशूनं आईची सोय लावून दिली. त्या याकोबाचा मुलगा योसेफ यानं मरणकाळी आपल्या अस्थींचं काय करायचं ते सांगून ठेवलं, आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, विश्वासवीरांच्या त्या यादीत, योसेफाचा विश्वास म्हणून नेमकी तीच गोष्ट नोंदली आहे. तुमचा भाऊ योसेफासारखंच काही करू पाहत होता.

त्यानं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं का, याचा शोध घ्या. मरणारी माणसं एकापाशी जमलं नाही की बहुतेक वेळा दुसऱ्यापाशी बोलतात. त्याचा मित्र असेल, रात्रपाळीची नर्स असेल, एखादा चुलतभाऊ असेल. त्यांना विचारा. डॉक्टरांनाही भेटा आणि विचारा, शेवटी त्याला किती दुखत होतं, काय दिलं होतं. मनानं रचलेलं उत्तर बहुधा खऱ्या उत्तरापेक्षा भयंकर असतं. आणि जे तुम्हाला त्याच्याशी बोलायचं होतं ते कागदावर लिहा, त्याचं नाव घालून. कुणाला दाखवू नका. झोप महिनोन्महिने लागत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि ते लगेच करा.

ज्यांच्या घरात आज असा आजारी माणूस आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच लिहिते. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास आटोक्यात ठेवणारी शुश्रूषा, ही हार मानणं नव्हे. ती मूळ उपचारांबरोबरही चालू राहू शकते. डॉक्टर त्याबद्दल बोलायला बोलावतील तेव्हा जा, आणि तिथून येऊन हवी तेवढी प्रार्थना करा. औषध बंद करा, तपासणी करू नका असं जो सांगेल त्याला घरात घेऊ नका, मग तो कुणीही असो. दुसरं असं, की याकोबाच्या ज्या वचनाचा दाखला दिला जातो, त्यात आजारी माणसानं फक्त मंडळीच्या वडिलांना बोलवायचं आहे. तेल लावणं आणि प्रार्थना करणं हे त्यांचं काम आहे. विश्वास जाहीर करायचं ओझं अंथरुणावरच्या माणसावर तिथे ठेवलेलं नाही. त्याला रडावंसं वाटलं तर रडू द्या, मरणाबद्दल बोलावंसं वाटलं तर बसून ऐका.

स्मरण-उपासनेत साक्ष देऊ नका. ‘मला आत्ता जमणार नाही’ एवढं पुरे, कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. बोलावंसंच वाटलं तर भावाबद्दल बोला, तो कसा होता ते सांगा. त्याच्या मरणाला विजयाचा मुलामा द्यायला नकार द्या. त्या गृहस्थांना सगळ्यांसमोर काही बोलू नका. पण पाळकांना एकांतात भेटून ते वाक्य जसंच्या तसं सांगा, आणि त्यानं आईची काय अवस्था झाली आहे तेही सांगा. चांगला पाळक घरी येऊन आईला सांगेल की हे चुकीचं होतं. तो आला नाही, किंवा त्यानं त्याच वाक्याची री ओढली, तर काही काळ दुसऱ्या मंडळीत उपासनेला जा. आईलाही सोबत न्या.

मुलीला खरं सांगा, आणि लवकर सांगा. तिनं तुम्हाला विचारलं आहे, म्हणजे उत्तर मिळालं नाही तर ते ती स्वतः रचेल, आणि त्या वयाची मुलं ते बहुतेक वेळा स्वतःवर घेतात: मी त्या रात्री प्रार्थना न करता झोपले होते म्हणून. तिला म्हणा, “मामाला रक्ताचा कर्करोग होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, तरी तो आजार बरा झाला नाही. आपण मागितलं ते बरोबरच केलं. तो का वाचला नाही हे मला माहीत नाही, देवावर मीसुद्धा थोडी रागावले आहे. पण तू काही कमी केलं नाहीस, मी नाही, आजीनंही नाही.” मग तिला विचारा, तिला काय वाटतं, आणि ती जे बोलेल ते मध्ये न थांबवता ऐकून घ्या.